मागच्या गल्लीतलं पॉवरहाऊस

आमच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर कुणी तुळशीला तांब्याभर पाणी घालणार असेल, तर आधी शिट्टी वाजते. शाळेतल्या पी.टी.च्या मास्तरांच्या गळ्यात असते तशी, पितळेची, कानठळ्या बसवणारी. एक लांब, थोडं थांबून दुसरी लांब, मग तिसरी. तिसरी संपली की मागच्या गॅलरीतून खणखणीत आवाज येतो, "पाणी सोडतोय हो! पात्रातल्यांनी बाजूला व्हा!" पात्र म्हणजे तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या मजल्यावरच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. तिथल्या बायका हातातलं काम टाकून कपडे आत ओढतात, वर तुळशीला पाणी मिळतं, दोन-चार थेंब खाली ठिबकतात आणि पूर ओसरतो.

शिट्टी वाजवणारे हे गृहस्थ म्हणजे भास्कर खानविलकर. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांची सगळी नोकरी सह्याद्रीच्या पोटात गेली, डोंगर कोरून बांधलेल्या एका पॉवरहाऊसमध्ये. धरणाचं पाणी बोगद्यातून खाली यायचं, चाकावर आदळायचं, चाक फिरलं की वीज तयार व्हायची आणि काका कंट्रोल रूममध्ये बसून काट्यांवर नजर ठेवायचे. पाणी नदीत सोडायच्या आधी तिथे भोंगा वाजवायची पद्धत होती, कारण खाली कुणी धुणं धूत असेल, कुणाची म्हैस डुंबत असेल. नोकरी संपली, भोंगा तिथेच राहिला, म्हणून अंधेरीत आल्यावर काकांनी शिट्टी विकत घेतली.

मी त्यांची समोरच्या दारातली शेजारीण आणि दुर्दैवाने सोसायटीची सेक्रेटरी. सेक्रेटरी कशी झाले त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्या मीटिंगला मला पोचायला उशीर झाला, एवढंच. तेव्हापासून लिफ्ट बंद पडली, पाणी गढूळ आलं, कुणाच्या कुत्र्याने कुणाच्या पायपुसण्यावर काही केलं, की माझी बेल वाजते. काकांच्या शिट्टीबद्दलची पहिली तक्रारही माझ्याकडेच आली होती. मी तावातावाने समज द्यायला गेले आणि त्यांच्याकडचा चहा पिऊन, बोगद्याची लांबी ऐकून परत आले.

काका आणि काकू मुंबईत आले ते काकूंच्या आजारपणासाठी. पुतण्या दुबईला असतो, त्याचा फ्लॅट रिकामा होता. मूलबाळ नव्हतं. वर्षभर हॉस्पिटलच्या खेपा झाल्या आणि काकू गेल्या. काका इथेच राहिले. परत जायचं तर कॉलनीतली क्वार्टर निवृत्तीबरोबर सुटलेली आणि गावच्या घरात भावांचे संसार. पुतण्याने फोनवर सांगितलं, "काका, राहा हवं तितके दिवस." हे वाक्य चांगल्या मनाने म्हटलेलं असलं तरी ऐकायला बरं नसतं.

त्यांची भाषा पॉवरहाऊसचीच राहिली. माणसाकडे ते मशीन म्हणूनच बघतात. मला ताप आला तर माझ्या नवऱ्याला विचारणार, "बाई आज हाफ लोडवर दिसतात?" त्याने दुसरी पोळी नको म्हटलं की, "घ्या हो, लोड घ्या, तरुण मशीन आहे." आमचे चेअरमन शहाभाई मीटिंगमध्ये चिडून उठून गेले तर काका शांतपणे म्हणणार, "ट्रिप झाले. दहा मिनिटांनी परत चालू करा." आणि खरोखरच दहा मिनिटांनी शहाभाई परत येऊन बसतात.

लिफ्टने काका जात नाहीत. जिन्याने गेलं की वाटेत कुणी ना कुणी भेटतं, बोलणं होतं, असं त्यांचं म्हणणं. कॉलनीत तसं होतही असेल. आमच्याकडे जिन्याने जाणारे ते एकटेच. दारात कुलूप लावताना मला कधीतरी त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा. प्रत्येक मजल्यावर थोडा थांबायचा आणि पुढे जायचा. कधी संध्याकाळी बेल वाजवून विचारायचे, "तुमच्याकडे व्होल्टेज बरं आहे ना?" बरं आहे म्हटलं की "मग ठीक" म्हणून परत जायचे. आमच्याकडे आणि त्यांच्याकडे वीज एकाच तारेतून येते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक होतं.

त्यांना एक गोष्ट मात्र अजिबात सोसत नाही, ती म्हणजे उंचावरून फुकट पडणारं पाणी. मागे एका पावसाळ्यात पवईचा तलाव भरून वाहू लागला म्हणून आम्ही त्यांना बरोबर घेऊन बघायला गेलो. सगळी मुंबई तिथे भिजायला आणि फोटो काढायला आलेली. मक्याची कणसं भाजली जात होती, कॉलेजची पोरं पाण्यात नाचत होती. काका छत्रीखाली कपाळाला आठी घालून उभे. मी म्हटलं, "काका, छान आहे ना?" तर म्हणाले, "काय छान? एवढं पाणी पडतंय आणि काम काडीचं नाही!" माझ्या नवऱ्याने कणीस पुढे केलं तर तेही घेतलं नाही.

म्हणून मागच्या जूनमधल्या सोसायटीच्या सभेत काका बोलायला उभे राहिले तेव्हा मला पवईच आठवली. "गच्चीवरचं पावसाचं पाणी आठ मजले खाली येतं," ते म्हणाले, "आणि गटारात जातं. मला त्यावर एक चाक बसवायचंय. मागच्या गल्लीत एक दिवा लागेल."

"किती दिवे?" कुणीतरी विचारलं.

"एक."

सभेत हशा पिकला. शहाभाई समजुतीच्या सुरात म्हणाले, "काका, मागे ऑलरेडी ट्यूबलाइट हाय ना! तुमच्या एक दिव्याने बिल किती कमी होणार? आणि लावायचाच हाय तर टाकीच्या पाइपवर लावा ना, ते पाणी तर बारा महिने येतंय."

"टाकीचं पाणी पंपाने चढवलेलं असतं," काका म्हणाले. "चढवायला वीज जास्त लागते, उतरताना कमी मिळते. तो शुद्ध तोट्याचा धंदा आहे."

"आणि तुमचा हा नफ्याचा धंदा हाय?"

"नाही," काका म्हणाले, "पण हे पाणी कुणी चढवलेलं नाही."

खर्च स्वतःचा आणि भिंतीला धक्का लावायचा नाही, या अटीवर परवानगी मिळाली. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा तेवढाच वेळ जाईल. मलाही तेच वाटलं होतं.

वेळ चांगलाच गेला. पाइपमधून नुसतं वाहणारं पाणी चालत नाही, तो वरपर्यंत गच्च भरलेला लागतो, म्हणून गच्चीवर एक निळा ड्रम आला, त्यावर पानं आणि कबुतरांची पिसं अडवायला जाळी आली, ड्रमापासून मागच्या भिंतीवरून खाली एक बारीक पाइप उतरला. वर व्हॉल्व्ह, खाली चाक. चाकाला पाण्याची धार झेलायला वाट्या हव्यात, त्यासाठी काका स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेले आणि तिथले वरणाचे सगळे डाव एकेक करून हातात घेऊन बोटाने ठोकून पाहू लागले. दुकानदाराने आपुलकीने विचारलं, "घरात कार्य आहे का?" काका म्हणाले, "हो. एकाच मापाचे द्या, नाहीतर चाक थरथरेल." दुकानदाराने बिल करेपर्यंत त्यांच्याकडे पाठ केली नाही.

एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये डावांच्या दांड्या कापून ते सायकलच्या चाकाला जोडून घेतले. त्याला सायकलचाच डायनॅमो आणि डायनॅमोला चिंचोक्याएवढा बल्ब. हा सगळा संच मागच्या गल्लीत, कंपाउंडच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या पेटीत बसला. पेटीवर काकांनी लाल रंगाने 'धोका' लिहिलं आणि खाली कवटी काढली. कवटी जरा हसरी आली होती.

पहिली चाचणी जुलैच्या शेवटच्या रविवारी झाली. भरपूर पाऊस पडून ड्रम काठोकाठ भरलेला. काका वर व्हॉल्व्हशी, मी खाली दिव्याकडे लक्ष ठेवायला. नियमाप्रमाणे तीन शिट्ट्या झाल्या. मागच्या बाजूच्या सगळ्या गॅलऱ्यांतून कपडे आत गेले आणि माणसं बाहेर आली. मात्र शहाभाईंचा फ्लॅट पुढच्या बाजूला. मागच्या शिट्टीचा अर्थ त्यांना कुणी कधी सांगितला नव्हता. ते रविवारचा सफारी सूट घालून, हा काय गोंधळ आहे ते बघायला गल्लीत आले आणि नेमके पाइपच्या सांध्याखाली उभे राहिले. सांधा निसटला. आठ मजल्यांवरचं पाणी बारीक धारेने येऊन माणसाला लागलं की काय होतं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

वरून काकांचा फोन आला. "लागला का?"

"लागला," मी म्हटलं. "दिवा नाही, नेम. शहाभाईंना."

या वेळी शहाभाई दहा मिनिटांनी परत चालू झाले नाहीत. कमिटीची तातडीची बैठक झाली आणि ठरलं की गणपतीचा मांडव मागच्या गल्लीतच पडतो, त्यामुळे मांडववाले येतील त्याच्या आधी काकांनी ड्रम, पाइप, पेटी सगळं काढून टाकायचं, आणि परत लावायचं नाही. हे त्यांना सांगायचं काम अर्थातच सेक्रेटरीचं.

काकांनी ऐकून घेतलं. वाद घातला नाही. फक्त म्हणाले, "त्याच्या आत एकदा लागला पाहिजे."

सांधा दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला. पण ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली. ड्रमातलं पाणी तळाला गेलं. एरवी पाऊस थांबला की आम्हाला हायसं वाटतं. गाड्या वेळेवर, कपडे वाळलेले. पण काका सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जाऊन बसू लागले. जिन्यात चपलांचा आवाज आता मधल्या मजल्यांवर थांबत नसे, थेट वर जाई. चेहरा उतरला. जेवणाचा डबा मी देत होते तो अर्धा परत यायचा. लोड घ्या असं आता मीच त्यांना म्हणू लागले होते.

मांडववाल्यांचा फोन आला की ते उद्या सकाळी बांबू टाकणार. त्या दिवशी ऑफिसातून आल्याबरोबर मी गच्चीवर गेले. ढग भरलेले होते, पण पडत नव्हते. काका ड्रमाशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेले. मला त्यांची दया आली आणि दया आली की माझा आवाज चढतो.

"काका, पुरे झालं आता. तो टाकीचा नळ आहे तिथे. नळी लावा, ड्रम भरा, दिवा लावा, मी फोटो काढते. झालं तुमचं काम."

"ते पंपाचं पाणी आहे."

"मग असू दे की! दिवा लागल्याशी मतलब."

"त्यात दुसऱ्याची वीज येईल," काका म्हणाले.

"कुणाला कळणार आहे?"

काकांनी कठड्यापलीकडे पाहिलं. कंपाउंडच्या पलीकडे एकेक दिवा लागत होता. एमआयडीसीतले, मेट्रोच्या पुलावरचे, लांबवर विमानतळाचे. मग त्या दिव्यांकडे बघतच काका बोलू लागले.

"ही आजारी होती ना, तेव्हा या वेळेला मागच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. हे सगळे दिवे बघायची. आमच्या कॉलनीत कुठले एवढे दिवे! डोंगर, आणि काळोख. मी आयुष्यभर तिला सांगत आलेलो, आपली वीज मुंबईला जाते. तर एकदा तिने विचारलं, 'अहो, यातला तुमचा कुठला?'"

"मग?"

"मग काय, मी ऑपरेटर. मी तिला ग्रिड समजावून दिलं. सगळ्या पॉवरहाऊसची वीज एकाच तारांच्या जाळ्यात पडते, पाण्याची, कोळशाची, सगळी एक होते, कुठल्या दिव्यात कुणाची ते कुणालाच सांगता येत नाही. चांगलं बैजवार समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'म्हणजे बोट दाखवावं असा एकही नाही तर.' आणि उठून आत गेली."

मी कठड्याला टेकले.

"तो समोरचा दाखवला असता तरी चाललं असतं हो," काका म्हणाले. "ती काय तपासायला जाणार होती? उभा जन्म डोंगराच्या आत राहिलो मी, ती बाहेर एकटी. दिवाळीला ड्युटी, गणपतीला ड्युटी. कशासाठी, तर वीज. आणि ती एवढंच विचारत होती की कुठे आहे ती. मला एक बोट उचलता आलं नाही. नंतर सुचलं, पण तोवर विचारणारी राहिली नव्हती."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "म्हणून एक पाहिजे. एकच. पण तो सबंध माझा पाहिजे."

एवढे दिवस मी या माणसाला शिट्टी आणि व्होल्टेज यांच्यापलीकडे ओळखत नव्हते. समोरासमोर दारं असून.

पाऊस आला तो आम्ही खाली जायला निघालो तेव्हा. टपोरा, सरळ, जोरदार. काका माघारी वळले, मीही वळले. गच्चीच्या पन्हाळीतून पाणी ड्रमात पडू लागलं. काका जाळीवरची पिसं हाताने काढत होते आणि मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरायचा निरुपयोगी प्रयत्न करत होते. अर्ध्या-पाऊण तासात ड्रम बराच वर आला. तोवर अंधारलं होतं. मी खाली वॉचमनला फोन करून मागच्या गल्लीतली ट्यूबलाइट बंद करायला सांगितली.

काका व्हॉल्व्हशी उकिडवे बसले. "जा तुम्ही खाली," म्हणाले. "लागला की फोन करून सांगा."

मी जिन्याच्या दारापर्यंत गेले आणि थांबले. याही वेळी हे वरच बसणार होते. दिवा खाली लागणार आणि तो लागल्याचं यांना कुणीतरी फोनवर कळवणार.

"काका, उठा," मी म्हटलं. "व्हॉल्व्ह मी धरते. तुम्ही खाली जा."

"तसं नाही जमत. पाणी कमी-जास्त झालं की हाताने सांभाळावं लागतं. जास्त सुटलं तर बल्ब उडेल."

"मग शिकवा मला."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, एखाद्या नव्या माणसाला ड्युटीवर घ्यावं की नाही ते ठरवताना बघतात तसं. मग उठले. भिजलेल्या शर्टाची वरची गुंडी लावली आणि सरळ उभे राहून म्हणाले, "ड्रम पाऊण भरलेला. पाइप भरलेला. जाळी साफ. व्हॉल्व्ह पाव फेरा, एकदम उघडायचा नाही. चार्ज दिला."

मी नुसती बघत राहिले.

"आता तुम्ही म्हणायचं, चार्ज घेतला. त्याशिवाय मला मशीन सोडता येत नाही."

"चार्ज घेतला," मी म्हटलं.

मी त्यांच्या हातात छत्री दिली आणि ते गेले. व्हॉल्व्ह कठड्याला लागूनच होता. वाकलं की मागची गल्ली दिसायची. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. "पोचलो," काकांचा आवाज दबका होता. "सोडा. हळू." मी पाव फेरा फिरवला. पाइप हाताखाली थरारला. खालून चाकाची घरघर ऐकू आली, आधी अडखळत, मग एकसारखी, आणि गल्लीच्या काळोखात भिंतीजवळ एक पिवळा ठिपका उमटला. मिणमिणला. मग स्थिर झाला.

"काका, लागला ना?" मी फोनवर ओरडले.

उत्तर आलं नाही. फोन चालूच खिशात गेला असावा, कारण कापडावर घासल्याचा आवाज येत होता, पावसाचा येत होता, आणि त्यातून काकांचं बोलणं. ते माझ्याशी बोलत नव्हते.

"हा बघ," ते म्हणाले. "हा. हा आपला."

मी फोन बंद केला. वाकून पाहिलं तर ते दिव्यासमोर उभे होते, एका हाताचं बोट दिव्याकडे. दुसऱ्या हातात छत्री होती, ती त्यांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर धरली होती आणि स्वतः भिजत होते. मला रडू आवरेना. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, आणि ते तिथून हलेपर्यंत मी व्हॉल्व्ह सोडला नाही.